चार ओळींचा घड्याळजी

१

चारओळ्या रोज सकाळी दहाच्या ठोक्याला वाचनालयात हजर व्हायचा, आणि दहा वाजून एक मिनिटाने तिथली बाई त्याला दिवसाची पहिली तंबी द्यायची, की काका, पेन्सिल खिशात ठेवा. कारण हा म्हातारा वर्तमानपत्र वाचायला येतच नसे. तो चुका काढायला येई. चूक सापडली की खाली रेघ, आणि रेघेशेजारी गालातल्या गालात हसू. बातमी पुराची असो की लग्नाची, याचं हसू तेच.

अठ्ठ्याहत्तर वय. शाळा त्याने सातवीत सोडली, की शाळेने त्याला, यावर घरात दोन मतं होती. चाळीस वर्षं तो एका दैनिकाच्या छापखान्यात जुळारी होता. शिशाचे खिळे एकेक उचलायचे, डाव्या हातातल्या लोखंडी पट्टीत उलटे लावायचे, त्यांचे शब्द करायचे, शब्दांच्या ओळी करायच्या. संध्याकाळी पान बंद करायची वेळ आली की तिसऱ्या पानावर हटकून चार ओळींची जागा मोकळी राहायची. फोरमन ओरडायचा, "चार ओळी कोण देतो?" आणि हा द्यायचा. कागदावर लिहून नव्हे, डोक्यातून थेट पट्टीत. हरवलेला पोपट स्वतःच्या पायांनी चालत घरी आला. नदीकाठी एका इसमास स्वतःचीच टोपी दोनदा सापडली. संपादकांनी कधी विचारलं नाही. पान वेळेवर गेल्याशी संपादकांना मतलब.

तर त्या सोमवारी त्याने पेपर उघडला, आणि सातव्या पानावर हे आलं: बुद्धिबळ मंडळाच्या नव्या सभागृहास या शहराचे विस्मृतीत गेलेले थोर हौशी खेळाडू, डावखुरे घड्याळजी, यांचे नाव येत्या रविवारी सकाळी देण्यात येईल. माहिती असणाऱ्यांनी सचिवांना भेटावे.

चारओळ्याने ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा चुकांसाठी. चूक नव्हती. दुसऱ्यांदा अर्थासाठी. मग तो असा हसला की कवळी हातात आली.

"काका, पाणी देऊ का?" बाई धावली.

"पाणी नको. साक्षीदार द्या. हा माणूस मी बनवलाय."

"कुठला माणूस?"

"हा. घड्याळजी. असा कुणी नव्हताच कधी. चार ओळी कमी पडल्या होत्या."

बाईने त्याच्याकडे बघितलं. "मागच्या महिन्यात तुम्ही मला सांगितलंत की हे वाचनालय आधी तबेला होतं."

"ते खोटं होतं. हे खरं आहे."

"आणि ते मी कशावरून ओळखायचं?"

इथे म्हाताऱ्याचं हसू जरा थांबलं. जन्मभर ज्याने सगळ्यांना फसवलं, त्याला आता कुणीतरी विश्वास ठेवायला हवा होता.

२

बायको मटार सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे नऊ वर्षं लोकांना फसवलंत, आणि आता त्याबद्दल हार हवाय."

"हार नको गं. नाव हवं."

"कुणाचं?"

"माझं. चाळीस वर्षं या गावाची नावं मी जुळवली. जन्मलेल्यांची, मेलेल्यांची, निवडणुकीत आपटलेल्यांची. माझं एकदा तरी आलं का? निवृत्त झालो त्या दिवशी तू तीन अंक घेतलेस. आलं होतं?"

"नव्हतं," ती म्हणाली. यावर तिने विनोद केला नाही.

"आता एक आख्खं सभागृह माझ्या डोक्यातून निघालेल्या माणसाच्या नावाने होतंय. रविवारी उभा राहून सांगणार. मंडळी, याचा कर्ता मी. मग वार्ताहर लिहील, मग छापून येईल. मेलो तरी चालेल."

"रविवारपर्यंत थांबा. मटार बरेच आहेत."

पुरावा त्याच्याकडे होता. बंडीच्या खिशात तो एक खिळा बाळगायचा, ळ अक्षराचा. त्याच्या पोटाला त्यानेच कानशीने एक बारीक खाच पाडली होती. घड्याळजीच्या प्रत्येक बातमीत बुद्धिबळ हा शब्द आला की तो हाच ळ लावायचा, आणि पान सुटलं की काढून परत खिशात. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो, तशी याची ही खाच. नऊ वर्षांत अकरा बातम्या. आज याला हरवलं, उद्या त्याच्याशी बरोबरी, एकदा खोकल्यामुळे डाव अर्धवट. पट्टी डाव्या हातात असायची म्हणून माणूस डावखुरा झाला. समोर घड्याळाचं दुकान होतं म्हणून घड्याळजी. अकरावी बातमी निधनाची, कारण चारओळ्याला कंटाळा आला होता.

३

मंडळाचा सचिव दातांचा डॉक्टर होता. दातांच्या डॉक्टरचा एक फायदा असतो, समोरच्याला उलट बोलता येत नाही.

"आ करा."

"मी दात दाखवायला नाही आलो."

"दवाखान्यात दुसरी खुर्ची नाही. यात बसलात की आ करावाच लागतो. बोला, काय माहिती आहे?"

चारओळ्याने आ मिटला आणि सांगून टाकलं. डॉक्टर ऐकताना हातातला आरसा पुसत राहिला. मग त्याने कपाटातून जाड वही काढली, आणि एखाद्या बापाने मुलीचा फोटो दाखवावा तशी उघडली.

"सहा वर्षं घालवलीत मी या माणसावर. जुन्या फायलींतून एकेक बातमी शोधली, फोटो काढले. हा डाव बघा. तिसऱ्या उंटाने मात. तिसऱ्या. म्हणजे प्यादं शेवटच्या घरात नेऊन त्याने वजीर नाही मागितला, उंट मागितला. का? वजीर घेतला असता तर डाव बरोबरीत गेला असता. मी यावर अकरा पानी लेख लिहिलाय."

"डॉक्टर, मला बुद्धिबळ येत नाही. उंट दोनच असतात हे मला ठाऊक नव्हतं."

डॉक्टरचा चेहरा असा झाला की जणू त्याचाच दात भूल न देता उपटला. चारओळ्याला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. त्याने खिशातून खिळा काढून ट्रेमध्ये ठेवला. डॉक्टरने भिंग लावून खिळा बघितला, वहीतला पहिला फोटो बघितला, दुसरा बघितला. प्रत्येक बातमीत बुद्धिबळ शब्दातल्या ळच्या पोटात तीच खाच. मग त्याने वहीतली पानं मोजली.

"किती बातम्या बनवल्यात म्हणालात?"

"अकरा. निधनासकट."

"माझ्याकडे चौदा आहेत," डॉक्टर म्हणाला. "आणि खाच चौदांतही आहे."

४

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा विसरला असेल. त्यालाही तेच वाटलं, आणि वाटून बरं वाटलं. पण जुळाऱ्याची स्मरणशक्ती बोटांत असते, आणि बोटं अकराच म्हणत होती. मंगळवारी सकाळी त्याने डॉक्टरच्या वहीतल्या जास्तीच्या तीन तारखा दाखवून बाईकडून तीन सालांचे बांधीव खंड मागितले.

जुन्या फायली मागच्या लांबट खोलीत असायच्या. छतापर्यंत लोखंडी कपाटं, मधे एक टेबल, वर एक खिडकी. भिंतीवरचं घड्याळ कधीचंच बंद पडलेलं. बाई खंड ठेवून गेली, आणि दार लागल्यावर त्याला टिकटिक ऐकू आली. बारीक, खिशातल्या घड्याळासारखी. त्याने भिंतीवर बघितलं, काटे जागचे हलत नव्हते. त्याने स्वतःचं मनगट कानाशी नेलं, मनगटावर घड्याळ नव्हतं. पाइपात पाणी ठिबकत असेल, असं त्याने ठरवलं.

पहिली बातमी सापडली निधनाच्या दुसऱ्याच दिवसाच्या अंकात. वर लहान अक्षरात खुलासा असं शीर्षक.

कालच्या अंकात हौशी बुद्धिबळपटू घड्याळजी यांच्या निधनाचे वृत्त अनवधानाने प्रसिद्ध झाले. ते हयात असून त्यांचा कोणावरही राग नाही.

मोजून चार ओळी. चारओळ्या खुदकन हसला. फोरमनची खोडी. मेल्याने जाता जाता मलाच टांग मारली. खाच? खिळा सापडला असेल कुठेतरी त्याला. पण त्या संध्याकाळी तो रजेवर होता आणि खिळा घरी होता, बंडीच्या खिशात, हे बोटांनी सांगितलं. त्याने बोटांकडे लक्ष दिलं नाही.

दुसरी बातमी ऐंशी वर्षांपूर्वीच्या अंकात होती. त्या साली चारओळ्या जन्मायचा होता, अजून दोन वर्षं होती.

नऊ वर्षांच्या एका डावखुऱ्या मुलाने बुद्धिबळात कचेरीतील तीन कारकुनांस हरविले. नाव विचारता, अजून ठेवलेले नाही, असे तो म्हणाला.

कागद पिवळा, काठाशी चुरा होणारा. त्याने भिंग लावलं. खाच होती. त्याने खिशातला खिळा काढून कागदाशेजारी धरला. खिळ्यावरची खाच उलटी, कागदावरची सुलटी, आणि दोन्ही एकमेकींत बसत होत्या.

तिसरी बातमी चोवीस वर्षांपूर्वीची. तोवर छापखान्यातले सगळे खिळे भंगारात जाऊन चार वर्षं झाली होती, पान संगणकावर जुळायचं, चारओळ्याही शेवटची आठ वर्षं तिथेच बसला, सगळी अक्षरं गुळगुळीत. त्यात एकच ळ दाबून उठलेला. कागदाच्या मागून बोट फिरवलं तर लागत होता.

घड्याळजी यांनी दुकान बंद केले असून यापुढे ते आपला सर्व वेळ बुद्धिबळ व शोधकार्यास देतील.

कसलं शोधकार्य, ते लिहिलं नव्हतं. चारओळ्याने स्वतःशीच हिशेब मांडला. एक फोरमन, मेलेला. एक डॉक्टर, सरळमार्गी. एक बाई, तिला खिळा म्हणजे भिंतीतला. या तिघांपैकी कुणीही ऐंशी वर्षांमागे जाऊन छापून येणारं नव्हतं. टिकटिक मात्र कपाटांच्या पलीकडून या बाजूला सरकल्यासारखी वाटली. त्याने खंड मिटले आणि, हे त्याच्या चाळीस वर्षांत कधी झालं नव्हतं, दोन चुका दिसत असतानाही पेन्सिल काढली नाही.

"सापडलं का काका?" बाईने विचारलं.

"तुमच्या नळाला गळती आहे."

"मागे नळच नाहीये," बाई म्हणाली.

५

घाबरला असेल म्हणता? थोडा. पण दुसऱ्या दिवशी तो परत गेला, आणि कारण ऐकाल तर हसाल. तो अभिमानाने गेला. या गावात कितीतरी थोर लेखक होऊन गेले. त्यांच्या एकाही माणसाने पुस्तकातून उठून खुलासा दिला नव्हता. याच्या चार ओळींनी दिला होता. ही जुळणी कुणाची? त्याची. भीती पायांत होती आणि अभिमान छातीत, आणि दोघांच्या मधे म्हातारा चालत होता.

यावेळी त्याने एकच खंड मागितला, वीस वर्षांपूर्वीचा. तो निवृत्त झाला त्या दिवसाचा अंक. त्या दिवशी तिसऱ्या पानाच्या तळाशी चार ओळींची जागा कोरी गेली होती. तो गेला आणि जागा भरायला कुणी उरलं नाही. वीस वर्षं तो हे भेटेल त्याला सांगत आला होता. बायकोनेही ती जागा बोट ठेवून बघितली होती. नाव नाही तर नाही, निदान आपल्या नावाची रिकामी जागा तरी छापून आली, असं तो म्हणायचा.

त्याने तिसरं पान उलटलं. जागा कोरी नव्हती.

बुद्धिबळपटू घड्याळजी आपल्या वडिलांच्या शोधात आहेत. ते छापखान्यात जुळारी होते, एवढेच ठाऊक आहे. माहिती असणाऱ्यांनी कळवावे. भेटीस ते स्वतः येतील.

त्याने ते एकदाच वाचलं. दोनदा वाचायचं धाडस झालं नाही. टिकटिक आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूने येत होती, समोरच्या खुर्चीच्या उंचीवरून, बसलेल्या माणसाच्या खिशाची जी उंची असते तिथून. खुर्ची रिकामी होती. टेबलाकडे मात्र ती जरा तिरकी ओढलेली होती, डाव्या बाजूला कोपर ठेवायला जागा करून.

"मी काही कळवलेलं नाही," चारओळ्या खुर्चीला म्हणाला. मग स्वतःचीच लाज वाटून उठला, आणि खुर्चीकडे पाठ न करता दारापर्यंत मागे मागे आला.

६

बायकोने पेटी उघडली. त्या दिवसाचे तीन अंक तिने जपून ठेवले होते. तिन्हींत त्या चार ओळी होत्या. तिसऱ्या अंकाच्या त्या कोपऱ्यात तिच्या बोटाचा तेलकट ठसा होता, वीस वर्षांपूर्वीचा, आणि अक्षरं ठशाच्या वर उमटलेली होती.

"कोरी होती," ती म्हणाली. "मीच दाखवली होती तुम्हाला."

"होती ना?"

"होती."

दोघं दुपारभर त्या पेटीशी बसून राहिले. त्यांना मूलबाळ नव्हतं. या विषयावर ते कधी भांडले नव्हते आणि कधी बोललेही नव्हते. मुलासाठी डॉक्टरांकडे खेटे घातले ते पहिली काही वर्षं, मग तेही सुटलं.

"त्याला मारलंत कशाला पण?" तिने अचानक विचारलं.

"कंटाळा आला होता गं. आणि मारलं काय, चार ओळी होत्या."

"तुमच्यासाठी चार ओळी."

"तू पण आता त्याचीच बाजू घे."

"मी कुणाची बाजू घेत नाहीये. वय काय होईल त्याचं?"

चारओळ्याने बोटांवर मोजलं. "एकोणनव्वद. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा." आणि तशातही त्याला हसू आलं. "या गावात असा पराक्रम दुसऱ्या कुठल्या बापाने करून दाखवावा."

तीही हसली, पण लवकर थांबली. "रविवारी काय सांगणार?"

"ठरलंय ते. असा माणूस कधी नव्हताच."

"ते त्याच्यासमोर सांगणार?"

"तो कशाला येतोय?"

बायकोने त्याच्या हातातला अंक घेतला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. भेटीस ते स्वतः येतील.

"मला नाव हवंय," तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. तिने अंक परत पेटीत ठेवला.

७

रविवारी सकाळी सभागृह भरलं होतं. नव्या रंगाचा वास, खुर्च्यांच्या पंधरा रांगा, मागच्या भिंतीला मोठ्या खिडक्या आणि त्यांतून डोळ्यांवर येणारं ऊन. भिंतीवर पडदा लावलेली पाटी. दातांच्या डॉक्टरने पांढरा सदरा घातला होता आणि तो मिनिटामिनिटाला चारओळ्याकडे बघत होता, जसा एखादा रोगी पकडीकडे बघतो. खाच त्याने बघितली होती. हा म्हातारा उभा राहिला की सहा वर्षं आणि अकरा पानं मातीत जाणार, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने बोलायला बोलावलं. माणूस सचोटीचा.

"आता घड्याळजींविषयी सर्वांत जास्त माहिती असलेले गृहस्थ दोन शब्द सांगतील. ते काय सांगणार आहेत ते मला ठाऊक आहे. तरी शांतपणे ऐकावं, ही विनंती."

चारओळ्या पहिल्या रांगेतून उठला, पुढे गेला आणि लोकांकडे वळला. दोनशे माणसं. वार्ताहर कोपऱ्यात वही उघडून बसलेला. हेच ते, ज्याची वाट त्याने चाळीस अधिक वीस वर्षं पाहिली. छाती भरून आली. त्याने घसा साफ केला.

"मंडळी, हा जो घड्याळजी," तो म्हणाला, आणि मागच्या रांगेत एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

कुणीतरी उभं राहिलं होतं. उशिरा आलेला माणूस जागेसाठी उठतो, तसं नव्हे. थोरलं माणूस खोलीत आलं की घरातला मुलगा उठतो, तसं. काळा कोट, खांदे वाकलेले, चारओळ्यापेक्षाही म्हातारं शरीर. डावा हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवलेला. एवढ्या मोठ्या सभागृहात टिकटिक स्पष्ट ऐकू येत होती, आणि दोनशे माणसांपैकी एकानेही मान वळवली नाही.

चारओळ्याची नजर हातावरून कोटावर गेली, कोटावरून गळपट्टीपर्यंत. हात त्याने दिला होता. कोट चौथ्या बातमीत दिला होता. खोकला सातव्या बातमीत. तिथवर येऊन त्याची नजर थांबली, कारण त्याला आठवलं की अकरा बातम्यांत, चव्वेचाळीस ओळींत, त्याने या माणसाला चेहरा कधी दिलाच नव्हता.

गळपट्टीच्या वर उन्हाचा झोत होता. म्हाताऱ्याने नजर जमिनीवर आणली आणि तिथेच ठेवली.

सभागृह थांबून राहिलं होतं. मागचाही थांबून होता. असा माणूस कधी नव्हताच, हे चार शब्द चारओळ्याच्या जिभेवर जुळून तयार होते. खिळे सुटे करून परत खणांत टाकावेत, तसे त्याने ते एकेक सोडून दिले.

"हा घड्याळजी मला माहीत होता," तो म्हणाला. "माझ्याइतका कुणालाच नाही. मला स्वतःला घोडा कसा चालतो तेही कळत नाही, पण एवढं सांगतो, याच्या तोडीचा खेळाडू या गावात झाला नाही. तिसऱ्या उंटाने मात करायचा. डॉक्टरांनी लिहिलंय ते सगळं बरोबर आहे. आणि याच्या निधनाची बातमी जी आली होती, ती चूक माझी. चाळीस वर्षांत एवढी एकच चूक मी मनापासून कबूल करतो. मला त्याचा फार अभिमान आहे. हे आधी सांगायला हवं होतं."

दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. दातांचा डॉक्टर आधी पुतळा झाला, मग त्याने खिशातून रुमाल काढला. पाटीवरचा पडदा ओढला गेला. वार्ताहर वही घेऊन धावत आला.

"आजोबा, तुमचं नाव काय लिहू?"

चारओळ्याने तोंड उघडलं. मग मान हलवली. "नाव राहू दे. त्याच्या ओळखीचे एक जुळारी, असं लिही. तीन ओळींत बसव, चौथी त्याला दे."

तो आपल्या जागेवर येऊन बसला. भीती अजून पायांत होती आणि अभिमान अजून छातीत. बायकोने त्याचा हात धरला. ती चष्मा घरी विसरली होती आणि डोळ्यांवर तळहाताची सावली धरून ती मागे बघत होती.

"तुम्ही बोलायला लागलात तेव्हा एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले होते," ती म्हणाली. "शेवटपर्यंत बसले नाहीत. उन्हात नीट दिसत नाहीये मला, पण फार आदराने उभे होते हो."

"होते का?"

"आता इकडेच येतायत. रांगेच्या कडेकडेने." ती थोडी पुढे झुकली, आणि तिचा आवाज बदलला, घरी पाहुणा आल्यावर होतो तसा. "अहो, सरका जरा. त्यांना बसायला जागा द्या."

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. दोन्ही हातांनी खुर्ची धरून तो शेजारी सरकला, आणि त्याच्या डाव्या हाताला कुणीतरी बसलं.